कोकणचा माल आणि परदेशची पेठ : एक अवलोकन

गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात भोजनाच्या पंगती उठल्यावर आपल्या ज्ञातीतील एका तरुणाने आम्हांस एक प्रश्न विचारला. तो म्हणाला, "गुरुजी, आपल्या बागेतला आंबा लंडनला जातो, दुबईला जातो, असं सगळे सांगतात. मग तो पाठवणाऱ्यांत आपल्यातलं कोणीच कसं नाही?" आम्ही त्या वेळी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. परंतु छत्तीस वर्षे फळ्यासमोर उभे राहिलेल्या माणसास अनुत्तरित प्रश्न स्वस्थ झोपू देत नाही. स्मरणिकेच्या संपादक मंडळाने लेख मागितला, तेव्हा हाच विषय घ्यावा असे आम्ही ठरविले. आम्ही व्यापारी नव्हे, शालान्त परीक्षेपलीकडे आमचे मोठेसे शिक्षणही नाही. तथापि जे वाचले, पाहिले आणि सोसले, ते ज्ञातिबंधू-भगिनींपुढे ठेवणे हे कर्तव्य समजून लेखणी हाती घेतली आहे.

आरे आणि वारे ही दोन गावे आपल्यापैकी बहुतेकांस परिचित आहेत. रत्नागिरीहून शिरगाववरून गणपतीपुळ्याकडे जाणाऱ्या किनारी रस्त्यावर डोंगराच्या सोंडेने विभागलेल्या दोन पुळणी, मागे सुरूचे बन आणि वर कातळाच्या उतारावर हापूसची कलमे, असे या भूमीचे रूप आहे. प्रवासी येथे थांबून समुद्राचे छायाचित्र घेतात. आमच्या पिढीने मात्र हा समुद्र शोभेची वस्तू म्हणून पाहिला नाही. तो आमच्या पूर्वजांचा राजमार्ग होता. घाट चढून देशावर जाणे कठीण, पण गलबतात बसून मुंबई गाठणे सोपे, अशी एके काळी स्थिती होती.

या किनाऱ्याचा परदेशांशी व्यापार काही आजचा नव्हे. उत्तरेस दाभोळ हे बहामनी व आदिलशाही अमदानीतील भरभराटीचे बंदर. अरबस्तान व इराणकडील घोडे तेथे उतरत, मक्केचे यात्रेकरू तेथून जहाजात चढत. १५०८ च्या अखेरीस पोर्तुगीजांच्या आरमाराने ते शहर जाळले. दक्षिणेस राजापूर, जेथे सतराव्या शतकात इंग्रजांनी वखार घातली व १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी तिच्यावर छापा घालून इंग्रजांस चांगली समज दिली. या इतिहासात एक गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते. १६७१ मध्ये महाराजांनी कुडाळचे सुभेदार नरहरी आनंदराव यांस मिठाच्या जकातीविषयी आज्ञापत्र पाठविले. गोव्याकडील बारदेशचे मीठ स्वस्त पडत असल्यामुळे व्यापारी ते खरेदी करीत आणि आपल्या मुलखातील संगमेश्वरचे मीठ पडून राही. तेव्हा बारदेशच्या मिठावर अशी जकात बसवावी की ते संगमेश्वरच्या मिठाहून महाग पडावे, असा त्या आज्ञेचा आशय होता. संगमेश्वर म्हणजे आपल्याच जिल्ह्यातील तालुका. तलवारीच्या धामधुमीत असलेला राजा दोन ठिकाणच्या मिठाचे भाव पडताळून पाहतो, व्यापारी कोठे वळतात याची खबर ठेवतो आणि त्याप्रमाणे जकात ठरवितो. परपेठेचे ज्ञान हे राज्यकारभाराचे अंग आहे, हे त्या थोर पुरुषाने साडेतीनशे वर्षांपूर्वी जाणले होते. आपण त्यांच्या किल्ल्यांची नावे मुलांकडून पाठ करून घेतो, हे पत्र मात्र क्वचितच सांगतो.

आता हापूसकडे वळू. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा जिंकल्यानंतर तेथे कलम बांधण्याची कला रुजली. गोवा जिंकणाऱ्या आफोन्सो द आल्बुकर्क याच्या नावावरून या फळास आफोन्सो व त्याचे अपभ्रंशाने हापूस हे नाव पडले, असे प्रचलित मत आहे. म्हणजे ज्या फळाचा आपणांस एवढा अभिमान, त्याचे नावच परदेशी व्यापाराची खूण अंगावर वागवीत आहे. रत्नागिरी आणि देवगडच्या कातळाने, खाऱ्या वाऱ्याने व बागायतदाराच्या घामाने त्यास जी चव दिली, ती मात्र निखालस आपली.

तथापि फळ आपले झाले, तरी पेठ आपली झाली नाही. आंबा झेल्याने काढावा, आढीत घालावा, पाच डझनांच्या लाकडी पेटीत पेंढ्यावर रचावा आणि मुंबईच्या दलालाकडे रवाना करावा, येथे बागायतदाराचे काम संपे. १८६९ मध्ये बांधलेली क्रॉफर्ड मार्केटची इमारत, जिला पुढे महात्मा जोतिबा फुले मंडई हे नाव मिळाले, तीच पिढ्यान्‌पिढ्या आमच्या जगाची सीमा होती. पुढे फळबाजार नव्या मुंबईत वाशीस गेला, पण रीत तीच राहिली. आमच्या लहानपणी हंगामाच्या अखेरीस दलालाची पट्टी येई. वडील ओसरीवर बसून आम्हांस ती मोठ्याने वाचावयास सांगत. वर विक्रीची रक्कम आणि खाली हमाली, तोलाई, अडत, गाडीभाडे, आगाऊ उचल अशी वजावट. शेवटची ओळ वाचताना वडिलांचा चेहरा पाहण्याचे धैर्य आम्हांस होत नसे. आंबा कोणी घेतला, कोठे गेला, तेथे काय भावाने विकला गेला, याविषयी त्या कागदावर एक अक्षरही नसे. पुढे शिक्षक झाल्यावर नफा-तोट्याची उदाहरणे घालताना आम्ही हीच पट्टी फळ्यावर लिहीत असू.

वास्तविक आंबा परदेशी कसा पोचवावा याचा शास्त्रीय विचार फार पूर्वीच सुरू झाला होता. मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्यातील चीमा व दाणी या दोघा तज्ज्ञांनी १९३२ व १९३३ या दोन हंगामांत युरोपात आंबा पाठविण्याच्या प्रयत्नांचा वृत्तान्त लिहिला आणि तो १९३४ मध्ये खात्याने पुस्तिकारूपाने छापला. त्या काळी प्रवास बोटीचा, सुएझच्या मार्गाने, आणि तो कित्येक आठवड्यांचा. आंबा कोणत्या अवस्थेत काढावा, किती थंडाव्यात ठेवावा, या प्रश्नांची उत्तरे तेव्हा शोधावी लागली. थंडावा कमी पडला तर फळ वाटेतच पिकते, आणि अधिक झाला तर गारठून पुढे पिकतच नाही. आमचे वाडवडील "चौदा आणे तयार" आंबा काढावा असे म्हणत. दूरच्या प्रवासास सोळा आणे तयार फळ चालत नाही, हे शास्त्रज्ञांस व आमच्या आजोबांस दोघांसही ठाऊक होते. खेद एवढाच की, ती इंग्रजी पुस्तिका व आमचे आजोबा यांची भेट कधी झाली नाही.

व्यापाराचे ज्ञान आपल्या प्रांतात पसरावे यासाठी झटणारे लोक नव्हते असे मात्र नाही. वालचंद हिराचंद यांचेच पाहा. नरोत्तम मोरारजी प्रभृतींच्या साहाय्याने त्यांनी १९१९ मध्ये सिंदिया कंपनी काढली आणि त्या वर्षी ५ एप्रिल रोजी तिची 'लॉयल्टी' ही बोट मुंबईहून लंडनकडे निघाली. तो दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. त्याच वालचंदांनी १९२७ मध्ये महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्स स्थापन करण्यात पुढाकार घेतला. पुण्यात १९३४ मध्ये आ. रा. भट यांनी मराठा चेंबरचा पाया घातला. मराठी माणूस नोकरीतच रमतो, हा समज पुसून काढावा आणि लहान कारखानदारास कायदा, कर, पेठ यांची माहिती त्याच्या भाषेत मिळावी, हा त्या उद्योगाचा गाभा होता. चेंबरचे 'संपदा' हे मराठी मासिक याच हेतूने निघाले.

स्वातंत्र्यानंतर सरकारनेही पावले उचलली. परदेशी गिऱ्हाइकाने पैसे बुडविले तर निर्यातदाराचे रक्षण व्हावे म्हणून १९५७ मध्ये विमा महामंडळ निघाले. १९६३ मध्ये दिल्लीस परकीय व्यापाराचे शिक्षण देणारी भारतीय विदेश व्यापार संस्था व १९६५ मध्ये निर्यातदार संघटनांचा महासंघ स्थापन झाला. १९७२ साली आपल्या दापोलीस कोकण कृषी विद्यापीठ आले. फळमाशीसाठी 'रक्षक' सापळा व फळ न दुखविता काढणारा 'नूतन' झेला ही त्याची देणगी. त्याच वर्षी मासळीच्या निर्यातीसाठी स्वतंत्र प्राधिकरणही झाले, ज्याचा लाभ आपल्या मिरकरवाड्यास पोचला. १९८४ मध्ये राज्याचे कृषी पणन मंडळ आणि १९८६ मध्ये शेतमालाच्या निर्यातीसाठी 'अपेडा' अस्तित्वात आले. १९९० पासून रोजगार हमीशी निगडित फळबाग योजना आली आणि कोकणात कलमांची लागवड झपाट्याने वाढली. झाडे वाढली, संस्था वाढल्या. पण त्या दोहोंस जोडणारा दुवा, म्हणजे माहीतगार बागायतदार, तो पुरेसा वाढला नाही.

याची किंमत कशी मोजावी लागली, हे गेल्या चार दशकांच्या इतिहासावरून दिसून येते. कीड आपल्या देशात येईल या भीतीने जपानने सुमारे वीस वर्षे आपला आंबा घेतला नाही. ते दार २००६ मध्ये उघडले, पण फळाचा गर बाष्पाच्या उष्णतेने ४७.५ अंशांपर्यंत तापवून वीस मिनिटे तसा ठेवावा, या अटीवर. अमेरिकेचे दार १९८९ पासून बंद होते. ते २००७ च्या एप्रिलमध्ये उघडले, आणि नाशिक जिल्ह्यात लासलगाव येथील भाभा अणुसंशोधन केंद्राच्या 'कृषक' केंद्रात किमान ४०० ग्रे इतक्या मात्रेचा किरणोपचार घेऊन हापूस न्यूयॉर्कला उतरला. जे केंद्र कांद्यासाठी उभे राहिले, ते आंब्याच्या कामी आले. पुढे युरोपची पाळी आली. २०१३ या एका वर्षात भारतातून गेलेल्या फळे-भाज्यांच्या २०७ खेपांत कीड सापडली. परिणामी १ मे २०१४ पासून युरोपीय संघाने आपला आंबा आणि त्याबरोबर वांगी, अळू, कारली व पडवळ यांस बंदी केली. आंब्यावरील बंदी जानेवारी २०१५ मध्ये उठली. तेव्हापासून ४८ अंशांच्या गरम पाण्यात साठ मिनिटे ठेवण्यासारखे उपचार आंब्यास सक्तीचे झाले.

या २०१४ सालाविषयी आम्हांस एक गोष्ट कबूल करावयाची आहे. ती आजवर ज्ञातीसमोर सांगितली नव्हती. आमचे थोरले बंधू व वाडीतील चार बागायतदार यांनी मिळून त्या वर्षी एका मुंबईच्या व्यापाऱ्यामार्फत लंडनसाठी आंबा देण्याचे ठरविले होते. पहिली खेप मार्चअखेर गेली व पैसेही बरे आले. दुसऱ्या खेपेपूर्वी त्या व्यापाऱ्याने दोन पानांचे इंग्रजी पत्रक पाठविले. घरात इंग्रजी वाचणारे आम्हीच. बंधूंनी ते आमच्या हाती दिले. त्यात वनस्पती-आरोग्याची तपासणी, मान्यताप्राप्त पॅकहाउस, सापडलेल्या किडी, असे बरेच काही होते. निम्मे शब्द आम्हांस कळले नाहीत. कळले नाहीत असे सांगण्याची मात्र लाज वाटली. आम्ही म्हणालो, "दादा, नेहमीचे सरकारी नियम आहेत, काळजीचं कारण नाही." एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात बागा काढल्या आणि तोच बंदीची बातमी वर्तमानपत्रांत झळकली. व्यापाऱ्याने माल घेण्यास नकार दिला. त्याचा तरी काय दोष? पत्रक त्याने दिले होते. एकाच वेळी सर्वांचा माल स्थानिक बाजारात आल्यामुळे मिळेल त्या भावाने पेट्या विकाव्या लागल्या.

बंधूंनी आम्हांस एका शब्दाने दुखविले नाही. एवढेच म्हणाले, "आंब्याचा दोष नाय रे. आपल्याला वाचता येत नाय, हा दोष." ते स्वतःविषयी बोलत होते, परंतु घाव आम्हांस लागला. त्या पाचांपैकी दोघांनी पुढे दोन वर्षांत रस्त्यालगतचे आपले कलमांचे तुकडे प्लॉटसाठी विकून टाकले. आज तेथे आंबा नाही, कुंपण आहे. त्या रस्त्याने जाताना आमची मान खाली जाते.

त्यानंतर आम्ही या विषयाचा, विद्यार्थी होऊन, थोडाबहुत अभ्यास केला. त्यातून जे हाती लागले ते येथे संक्षेपाने सांगतो, कारण बाहेरून दिसते तितके ते अवघड नाही. ज्यास परदेशी माल पाठवावयाचा आहे, त्याने परकीय व्यापार महासंचालनालयाकडून आयात-निर्यात क्रमांक घ्यावा लागतो. तो दहा अक्षरांचा असून आता पॅन क्रमांकच त्यासाठी वापरला जातो. नंतर अपेडाकडे नोंदणी. बाग कोणाची, फवारणी कोणती व केव्हा केली, याची नोंद 'मँगोनेट' व्यवस्थेत. मग मान्य पॅकहाउसमध्ये प्रतवारी व उपचार, आणि शेवटी वनस्पती-संरक्षण अधिकाऱ्याचा दाखला, की या फळात कीड नाही. हाच तो शब्द जो आम्हांस त्या दिवशी कळला नव्हता. पैशाच्या बाजूने पाहता, बँकेमार्फत पतपत्र घेतल्यास कागदपत्रे बिनचूक असताना रक्कम मिळण्याची हमी राहते. भाव ठरविताना तो बोटीवर वा विमानात माल चढेपर्यंतचा आहे, की भाडे व विमा धरून आहे, हे आधी लिहून घ्यावे लागते. या अटींची सर्व जगास मान्य अशी परिभाषा पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय व्यापार मंडळाने १९३६ मध्येच ठरवून दिली आहे. जगातील प्रत्येक मालास क्रमांक असतो. आंब्याचा तो ०८०४.५० या शीर्षाखाली येतो. एवढी बाराखडी आली की पुढचे वाचन सुरू होते.

ही बाराखडी बिनचूक असणे किती अगत्याचे आहे, याचे ताजे उदाहरण २०२५ च्या मे महिन्यात घडले. नव्या मुंबईत किरणोपचार झालेल्या आंब्याच्या किमान पंधरा खेपा लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को व अटलांटा येथे नाकारल्या गेल्या. फळात कीड सापडली म्हणून नव्हे. उपचाराच्या 'पीपीक्यू २०३' नामक कागदातील नोंदींत दोष आढळला म्हणून. परत आणण्याचा खर्च मालाहून अधिक, म्हणून तो आंबा तेथेच नष्ट करावा लागला. निर्यातदारांनी आपले नुकसान सुमारे पाच लाख डॉलर सांगितले. बागेत वर्षभर केलेले कष्ट एका कागदावरील चुकीने मातीमोल होतात, हे या काळाचे कठोर सत्य आहे.

शिकण्याची सोय आज आमच्या तरुणपणापेक्षा पुष्कळच अधिक आहे. पणन मंडळ पुण्यात फळे-भाज्यांच्या निर्यातीचा पाच दिवसांचा प्रशिक्षण वर्ग चालवीत आले आहे. रत्नागिरीस त्याच मंडळाने आंबा निर्यात सुविधा केंद्र उभारले, म्हणजे उपचाराची यंत्रे पाहावयास मुंबईपर्यंत जाण्याचीही गरज नाही. नवख्या निर्यातदारास हात धरून शिकवावे म्हणून महासंचालनालयाने २०११ मध्ये 'निर्यात बंधू' नावाची योजना काढली. ऑक्टोबर २०१८ मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर या पाच जिल्ह्यांच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले. दापोलीचे विद्यापीठ व बागायतदारांच्या संस्था यांनी त्यासाठी दीर्घ प्रयत्न केले. तथापि मानांकन प्रदेशास मिळाले, तरी त्याचा अधिकृत वापर करण्यासाठी बागायतदाराने स्वतःची नोंदणी करावी लागते. घरावर पाटी लावल्याविना पाहुण्यास घर सापडत नाही, तसेच हे आहे.

आता आपल्या संस्थेविषयी दोन शब्द. आपण दरवर्षी गुणवंतांचा सत्कार करतो, वधुवर मेळावा भरवितो, विद्यार्थी-निधीतून वह्या देतो. ही सर्व कार्ये स्तुत्यच आहेत. त्यांत आणखी एक लहानसे कार्य जोडावे, अशी आमची नम्र सूचना आहे. दिवाळीनंतर, हंगाम सुरू होण्यापूर्वी, संस्थेच्या सभागृहात महिन्यातून एक सायंकाळ बागायतदार व मासळीचा धंदा करणारे ज्ञातिबांधव यांनी एकत्र बसावे. त्या वर्षीची सरकारी पत्रके आपल्या तरुण पदवीधर मुला-मुलींनी मराठीत वाचून व समजावून सांगावी. ज्यास जे कळले नाही, त्याने ते निःसंकोच विचारावे. विद्यार्थी-निधीतून दरसाल दोघांस पुण्याच्या प्रशिक्षणास पाठवावे, मात्र परत येऊन त्यांनी चार सभा घेतल्या पाहिजेत अशी अट असावी. एकट्याची बाग लहान, म्हणून चार-पाच बागांची नोंद एकत्र करून एकाच प्रतीचा माल देता येईल का, याचाही विचार व्हावा. या वाचनासाठी आमचा वेळ व आमचे मोडकेतोडके इंग्रजी, शब्दकोशासह, संस्थेच्या स्वाधीन आहे.

प्रत्येकाने निर्यातदार व्हावे असे आमचे म्हणणे नाही. आपल्या आंब्याचा बहुतेक भाग देशातच खपतो आणि परदेशी जाणाऱ्यांतही मोठा वाटा आखाती देशांचा आहे. मुंबईस पेटी पाठविणे यात कमीपणा मुळीच नाही. परंतु ज्यास पेठ ठाऊक आहे, तो दलालासमोरही मान वर करून बोलतो. वडिलांच्या पट्टीत जी ओळ कधीच नव्हती, आंबा कोठे गेला व तेथे काय भावाने विकला गेला, ती ओळ निदान पुढच्या पिढीने वाचावी, एवढीच इच्छा आहे.

त्या तरुणाच्या प्रश्नाचे उत्तर आता आम्ही देऊ शकतो. बाळा, परदेशास आंबा पाठविणाऱ्यांत आपल्यातले कोणी नाही, याचे कारण आपल्यास फळ पिकविता आले, पण कागद वाचावयाचा कंटाळा आला, आणि जे कळले नाही ते विचारावयाची लाज वाटली. यांपैकी पहिले काम तुझ्या आजोबांनी उत्तम केले. दुसरे तू शीक. तिसऱ्याची सुरुवात या लेखाने आम्ही स्वतःपासून केली आहे.